सुटीची वाट

(हैदराबाद येथील मराठी रहिवाशांच्या एका मेळाव्यात, फेब्रुवारीच्या अखेरीस, प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळ्याची सुटी दोन महिन्यांवर आली आहे. अशा वेळी महाराष्ट्रातील प्रेक्षणीय स्थळांची माहिती मी आपणांस द्यावी, अशी या मेळाव्याच्या संयोजकांची इच्छा आहे. माहिती देणे हे तर माझे कामच आहे आणि ते मी करणार आहे. परंतु स्थळांची यादी वाचून दाखवावयाची असती, तर त्यासाठी भाषणाची गरज नव्हती. मागच्या मेजावर पुस्तिका ठेवल्या आहेत, त्या पुरेशा आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते सुटीपूर्वीच्या दिवसांविषयी. शाळेची परीक्षा व्हावयाची आहे, कचेरीतील रजेचा अर्ज अजून टेबलावर आहे, गाडीचे तिकीट काढावयाचे आहे आणि मन मात्र केव्हाच पुढे निघून गेले आहे, अशा दिवसांविषयी. सुटीतील निम्मा आनंद या दिवसांत असतो, असे माझे मत आहे आणि अलीकडे तो निम्मा भाग आपण हकनाक गमावीत आहोत, असेही माझे मत आहे.

‘सुटी’ हा शब्द आपला घरचा आहे. दावे सुटले की वासरू जसे धावते, तसे शाळा सुटली की पोर धावते. ‘रजा’ मात्र आपल्याकडे फार्सीतून आली. तिचा मूळ अर्थ संमती. म्हणजे सुटी आपोआप होते आणि रजा कोणी तरी द्यावी लागते, हा भेद शब्दांतच आहे. आपल्या या शहराच्या जुन्या कारभारात आणखी एक शब्द होता, ‘रुखसत’. रुखसत म्हणजे रजा आणि रुखसत म्हणजे निरोपही. ज्या कारकुनाला गावी जाण्याची रुखसत मिळे, तो घरी येऊन त्याच शब्दाने शेजाऱ्यांचा निरोप घेत असे.

ज्यांचे वडील वा आजोबा निजामी अमदानीत नोकरीस होते, त्यांना हेही ऐकून ठाऊक असेल की त्या काळी येथील कचेऱ्यांना व शाळांना आठवड्याची सुटी शुक्रवारी असे. सरकारी कागदांवर फसली सन आणि आजूर, दय, बहमन असे महिने लिहिले जात. घरातील भिंतीवर मात्र आपले पंचांग टांगलेले असे. एका घरात दोन कालगणना नांदत. आपली मराठी माणसे त्यात गोंधळून गेली नाहीत. गुढीपाडवा आणि दिवाळी त्यांनी बरोबर साधली, कारण पुढचा सण केव्हा येतो हे ती महिना-महिना आधीपासून मोजीत असत.

तिकडे मुंबईत परिस्थिती वेगळी होती. गिरणीतील कामगाराला आठवड्याची नक्की सुटीच नव्हती. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. हे मी अशासाठी सांगतो की सुटी ही चैनीची गोष्ट आहे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात अजून आहे. रजेचा अर्ज देताना आपण अपराध्यासारखे उभे राहतो. ज्या गोष्टीसाठी दहा हजार माणसे एका मैदानात जमली, ती मागताना खाली पाहण्याचे कारण नाही. त्या दोघी स्त्रिया सभेत काय बोलल्या असतील, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. गिरणीतून सुटल्यावर घरची चूल त्यांना सुटली नव्हतीच. त्याकडे मी पुढे वळणार आहे.

आता हैदराबादच्या मराठी घरांची एक खास अडचण. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि हे शहर एकाच राज्यात होते. नांदेड-परभणीकडचा मुलगा उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठात येई आणि सुटी लागली की काचीगुड्याच्या स्थानकावर ट्रंक घेऊन उभा राही. राज्य एक, शाळांच्या सुट्या एक. त्या तारखेनंतर माणसे इथेच राहिली, गावे तिकडे गेली आणि सुट्यांचे वेळापत्रक दुभंगले. आज परिस्थिती अशी की तेलंगणात बतुकम्मा व दसऱ्यानिमित्त शाळांना चांगली दहा-बारा दिवसांची सुटी असते, तेव्हा महाराष्ट्रातील आते-मामेभावंडे वर्गात बसलेली असतात. महाराष्ट्रातील मुलांना दिवाळीची लांब सुटी लागते, तेव्हा येथील मुलाला जेमतेम एखादा दिवस मोकळा मिळतो. अभ्यंगस्नान झाले की दुसऱ्या दिवशी दप्तर. आपल्यापैकी ज्यांच्या घरी भाऊबीजेला ओवाळावयास बहीण गावी आणि भाऊ येथे असतो, त्यांना हे दुःख वेगळे सांगावयास नको. दोन्हीकडची मुले एकाच वेळी मोकळी असतात ती केवळ उन्हाळ्यात. येथील शाळा बहुधा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात बंद होतात आणि १२ जूनच्या सुमारास उघडतात. तिकडच्या जूनच्या मध्यावर भरतात. म्हणजे वर्षाकाठी एक मे महिना आणि त्याच्या मागचे-पुढचे काही दिवस, एवढीच आपली सामाईक जमीन शिल्लक आहे. ती पडीक राहू नये.

येथे मला थोडे घरचे बोलण्याची परवानगी असावी. माझे बालपण परभणी जिल्ह्यात, सेलूजवळच्या एका खेड्यात गेले. माझी आत्या हैदराबादेस दिलेली. तिचे बिऱ्हाड काचीगुड्यास. १९८० च्या दशकात ही रेल्वे अजून मीटरगेज होती. काचीगुड्याहून निघालेली गाडी निजामाबाद सोडून गोदावरी ओलांडी, बासर, धर्माबाद, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी असे करीत सेलूस येई. आत्या, आतोबा आणि त्यांची तिन्ही मुले दर मे महिन्यात त्या गाडीने येत. आपणांपैकी बहुतेकांनी हा प्रवास गाडीच्या आतून पाहिला आहे. मी तो फलाटावरून पाहिला आहे.

वाट पाहणे म्हणजे काय, हे मी आजीकडे पाहून शिकलो. होळी झाली की आत्याचे पत्र येई. साधे पोस्टकार्ड, त्यावर तारीख लिहिलेली. आजीला वाचता येत नसे. ती ते कार्ड माझ्याकडून तीन-तीनदा वाचून घेई आणि देवळीत ठेवून देई. मग घरात कामाला वेग येई. गहू भिजत पडत, चीक शिजे, कुरडया माळवदावर वाळत. शेवया, पापड, सांडगे यांचे डबे भरत. आंब्यांची अढी घातली जाई. अंगणातील बाजा नव्याने विणल्या जात. या सगळ्या खटाटोपात आजी कधी थकल्यासारखी दिसली नाही. आम्हां मुलांचे वेगळेच हिशेब चालत. आतेभाऊ येताना उस्मानिया बिस्किटे आणणार, त्याला विहिरीत पोहता येत नाही तेव्हा त्याला यंदा शिकवावयाचे, रात्री माळवदावर कोणी कोणाशेजारी निजावयाचे. एवढे सर्व पाहुणे येण्याच्या आधी महिनाभर. पाहुणे प्रत्यक्ष राहत पंधरा दिवस. तेव्हा सुटी किती दिवसांची, हे कसे मोजावे?

एका वर्षी ती मंडळी आली नाहीत. आतोबांची रजा तोंडी मंजूर झाली होती आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नामंजूर झाली. ते ज्या कचेरीत होते तिचे नाव घेण्याचे कारण नाही. अशा कचेऱ्या सर्वत्र असतात आणि मी स्वतःही अशाच एका कचेरीत बसतो. त्यांनी लगेच पत्र टाकले, पण ते आमच्या खेड्यात पोहोचावयास चार दिवस लागले. तोपर्यंत आजोबा बैलगाडी घेऊन लागोपाठ दोन दिवस सेलूच्या स्थानकावर जाऊन रिकामे परत आले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. गाडी निघून गेली, फलाट मोकळा झाला, तरी आजोबा बराच वेळ उभे होते. घरी आल्यावर आजीने काही विचारले नाही. अढीतले आंबे उतरू लागले होते, तरी तिने ते आम्हांला चार दिवस काढू दिले नाहीत. पत्र आले, मी ते वाचून दाखविले, तेव्हा तिने स्वतः अढी उघडली.

आतोबांचा यात दोष नव्हता आणि त्या वरिष्ठांनाही एका सहीच्या पलीकडे काय आहे हे दिसत नव्हते. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे आमच्या रजा नियमांत लिहिलेले आहे आणि ते योग्यच आहे. शासनाचे काम थांबून चालत नाही. पण येथे अधिकारीवर्ग बसला आहे म्हणून मी नम्रपणे एवढेच म्हणेन की नकार द्यावयाचा असेल तर तो महिनाभर आधी द्यावा. जे दिले जाणार आहे तेही आधीच द्यावे. निघण्याच्या आदल्या सायंकाळी मिळालेली रजा ही अर्धीच रजा असते. तिच्यातील वाट पाहण्याचा भाग आपण कापून घेतलेला असतो. महाराष्ट्र शासनाच्या प्रवास सवलतीच्या नियमांत एक सुरेख शब्द आहे, ‘स्वग्राम’. दोन वर्षांतून एकदा कर्मचाऱ्याने सहकुटुंब आपल्या गावी जावे आणि चार वर्षांतून एकदा महाराष्ट्र दर्शन करावे, अशी ती सवलत. नियम लिहिणाऱ्या कोणा अनामिक अधिकाऱ्याला हे ठाऊक होते की नोकराला कचेरीखेरीज एक गाव असते.

आजचे चित्र निराळे आहे. पोस्टकार्ड गेले, प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आला. निरोप क्षणात पोहोचतो. मग वाट पाहणाऱ्यांचे सुख वाढावयास हवे होते. झाले उलटे. निरोप केव्हाही देता येतो म्हणून आपण तो देतच नाही. गावाकडून आई विचारते, “औंदा कधी येणार?” आपण म्हणतो, “बघू, जमलं तर येऊ.” हे ‘जमलं तर’ मार्चपासून मेपर्यंत चालते. आपल्या बाजूने त्यात काही खोटे नाही. खरोखरच आपले ठरलेले नसते. पण त्या बाजूला कोणी गहू भिजत घालावा की नाही? जमलं तर येणाऱ्यासाठी कुरडई घालता येत नाही. मग एके दिवशी आपण गाडीत बसल्यावर कळवितो की निघालो आहोत, रात्री पोहोचू. म्हातारी माणसे धावपळ करतात, आनंदही होतो, परंतु महिनाभराचा जो आनंद त्यांच्या वाट्याचा होता, तो त्यांना मिळालेला नसतो. सत्तरीच्या पुढे माणसाजवळ वाट पाहण्यासारख्या गोष्टी फार उरत नाहीत. त्यांतील ही एक मोठी.

म्हणून माझी आज एकच विनंती आहे. तारीख ठरवा आणि ती कळवा. रेल्वेनेही आता आपल्याला तशी शिस्त लावली आहे. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत, प्रवासाचा दिवस वगळून, ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे एप्रिलच्या अखेरीस निघणाऱ्यांची खिडकी याच आठवड्यात उघडते आहे आणि मेच्या मध्यावर निघणाऱ्यांची मार्चच्या मध्यावर. मीटरगेज टप्प्याटप्प्याने जाऊन सर्व मार्ग रुंद झाला. अजिंठा आणि देवगिरी या गाड्यांनी रात्रीच्या प्रवासात आपण मराठवाड्यात पोहोचतो. पण मे महिन्यात जागा मिळणे कठीण, हे मी आपणांस सांगावयास नको. जो आज तारीख ठरवितो त्याला जागा मिळते, हा झाला व्यवहार. ज्या दिवशी तिकीट हाती येईल त्याच दिवशी गावी कळवावे, एवढी भर मी त्यात घालतो. आणि काही कारणाने जाणे रद्द झाले, तर तेही त्याच दिवशी.

गृहिणींविषयी बोलतो असे मी मघाशी म्हटले होते. आमच्या घरी आत्या येई तेव्हा ती माहेरवाशीण. तिला पंधरा दिवस कोणी चुलीपुढे बसू देत नसे. सुटी खरी असेल तर ती आत्याची. आणि माझ्या आईचे काय? वाड्यात वीस-बावीस माणसे, दोन वेळचा स्वयंपाक, आमरसाची पातेली, धुणी-भांडी. माझ्या आईने मे महिन्याची वाट पाहिली असेल का, हा प्रश्न मला वयाच्या चाळिशीपर्यंत सुचला नव्हता, हे मी लाजेने कबूल करतो. तेव्हा गावी जाणाऱ्यांनी पाहुण्यासारखे जाऊ नये. विहिरीवरून पाणी आणावे, पोळ्या लाटाव्या, भांडी विसळावी, पुरुषांनीही. शहरातील घरात जी कामे आपण निमूटपणे करतो, ती गावी गेल्यावर कमीपणाची कशी होतात, हे मला उमगलेले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक सांगणे आहे. सुटीचा अभ्यास म्हणून शंभर-शंभर ओळींचे शुद्धलेखन देण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे. त्याऐवजी मुलाला एवढेच सांगावे की गावाकडील एका वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या लहानपणीच्या सुटीविषयी विचार आणि तो जे सांगेल ते मराठीत लिहून आण. या शहरात मूल दिवसभर तेलुगू, उर्दू, इंग्रजी ऐकते. त्या भाषांचे त्याला ज्ञान व्हावे, यात दुमत नाही. पण मराठी त्याच्या कानावर सलगपणे, सकाळपासून रात्रीपर्यंत, केवळ त्या पंधरा दिवसांत पडते. औत, वखर, मोट, बलुतं हे शब्द पुस्तकातून शिकविता येतात खरे, पण आजोबांच्या तोंडून ऐकलेला शब्द मुले विसरत नाहीत.

आता काही माहिती. कित्येकांची गावची घरे आज बंद आहेत, आईवडील राहिले नाहीत, वाटण्या झाल्या. त्यांनी कोठे जावे? माझे उत्तर असे की आपल्या जिल्ह्याकडे जावे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी तीन, परळी वैजनाथ, औंढा नागनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर, मराठवाड्यात मानली जातात. नांदेडला गोदातीरी हुजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली तेथेच निवर्तले. पैठणला एकनाथांची समाधी आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा विस्तीर्ण नाथसागर. सोलापूरच्या वाटेने जाणाऱ्यांनी नळदुर्गाचा किल्ला टाळू नये. त्या रस्त्याने जहीराबाद तेलंगणात, हुमनाबाद कर्नाटकात आणि उमरगा महाराष्ट्रात लागते. १९५६ पूर्वी नळदुर्गापर्यंतचा सारा टापू हैदराबाद राज्याचाच होता. राज्य परिवहनाच्या बसमध्ये महाराष्ट्राच्या हद्दीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे आणि तेलंगणाच्या हद्दीत ९ डिसेंबर २०२३ पासून येथील स्त्रियांना साध्या व एक्सप्रेस गाड्यांतून विनामूल्य प्रवास. हिशेब करणाऱ्या गृहिणीला याचे महत्त्व कळेल.

अजिंठ्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण अजिंठ्याचा आणि या शहराचा संबंध आपण विसरत चाललो आहोत. १८१९ साली इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलेली ही लेणी निजामाच्या मुलखात होती. १९१४ साली हैदराबाद संस्थानाचे पुराणवस्तू खाते स्थापन झाले आणि त्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी लेण्यांच्या जतनाचे काम हाती घेतले. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून दोन तज्ज्ञ आणून निखळणारी चित्रे भिंतीला पक्की करण्यात आली. त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण पुढे काळवंडले आणि ते काढण्याचे काम नंतरच्या लोकांना करावे लागले, हे खरे. परंतु निखळून पडली असती ती चित्रे त्यांनी राखली, हेही खरे. चित्रांवरील यझदानींचे मोठे ग्रंथ १९३० पासून निघाले. १९८३ साली अजिंठा व वेरूळ या दोन्ही स्थळांचा जागतिक वारसा म्हणून गौरव झाला.

आणि आपल्या सोयीची गोष्ट ही की अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती येथेच, पब्लिक गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या बागे-आममध्ये, पुराणवस्तुसंग्रहालयाच्या दालनात आहेत. मार्चमधील एखाद्या रविवारी मुलांना तेथे न्यावे. पद्मपाणी बोधिसत्त्व दाखवावा आणि सांगावे की याचे मूळ चित्र डोंगरातील एका अंधाऱ्या लेण्यात आहे, ते आपण पाहावयास जाणार आहोत. मग पाहावे ती मुले दिवस कसे मोजतात.

मात्र केव्हा जावे याचा विचार करावा. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अजिंठ्याच्या पायऱ्या चढणे वृद्धांना व लहानांना त्या उन्हात सोसत नाही. उन्हाळ्यातच जावयाचे असेल तर सकाळी लवकर दरवाजा उघडताच जावे. माझ्या मते अजिंठ्यासाठी आपली दसऱ्याची सुटी उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, वाघोरा नदी वाहत असते आणि महाराष्ट्रातील शाळा चालू असल्याने गर्दी बेताची. मे महिना नातेवाइकांना द्यावा, दसरा लेण्यांना. संक्रांतीच्या चार-पाच दिवसांत शेतावर हुरडा असतो. लातूर-धाराशिवकडील मंडळींना वेळ अमावास्येचे आवतण असतेच. लातुरात त्या दिवशी बहुधा स्थानिक सुटी असते, आपणांस मात्र येथून रजा काढावी लागेल. आणखी एक लक्षात ठेवावे, अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. सातशे-आठशे रुपयांचे वाहन करून बंद दारापुढे उभी राहिलेली कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर सेलूच्या फलाटावरचे आजोबा दिसतात.

आमचे गावचे घर आता कुलूपबंद आहे. आजी-आजोबा गेले, आईवडील माझ्याजवळ राहतात. आत्या मात्र अजून काचीगुड्यासच आहे. आतोबा नाहीत, मुले परदेशी. पूर्वी ती मे महिन्यात आमच्याकडे येई, आता आम्ही तिच्याकडे येतो. आज या सभेनंतर मी तिला भेटावयास जाणार आहे. आमच्या मुलांची शाळा एप्रिलच्या अखेरीस संपेल. गेल्या वर्षी मी तिला “जमलं तर येऊ” असे म्हणालो होतो आणि जमले नव्हते. यंदा ३ मे ही तारीख ठरली आहे. तिच्याकडे भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर आहे, त्यावर ती मी आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवणार आहे.